पिप अपग्रेड केलं आणि पिपच बंद पडलं: दरवेळी असं का होतं आणि काय करायचं

पिप म्हणजे पायथनमध्ये पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, टाकायचं टूल. पायथन वापरणाऱ्या प्रत्येकाने त्याची ती नोटिस बघितलेली असते. एखादं पॅकेज टाकलं, ते व्यवस्थित इन्स्टॉल झालं, आणि शेवटी दोन ओळी येतात की पिपचं नवीन रिलीज आलंय, अपडेट करायचं असेल तर अमुक कमांड चालवा. आपण चालवतो, आणि मग पुढचं पॅकेज टाकायला जावं तर पिप उघडतच नाही, भलामोठा एरर येतो, नाहीतर अपग्रेड झालं म्हणून सांगतं पण व्हर्जन बघावं तर जुनंच. माझ्याकडे टीममधल्या ज्युनिअर मंडळींचे आणि कॉलेजच्या पोरापोरींचे जे प्रश्न येतात त्यात हा हमखास असतो, आणि उत्तर दरवेळी वेगळं निघतं, कारण लक्षण एकच दिसलं तरी मुळात कारणं बरीच आहेत. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पिप हा पायथनच्या बाहेरचा वेगळा प्रोग्राम नाही. नमपाय किंवा रिक्वेस्ट्ससारखंच ते एक पायथन पॅकेज आहे आणि कुठल्यातरी एका पायथनच्या साइट-पॅकेजेस फोल्डरमध्ये बसलेलं असतं. तुम्ही टर्मिनलवर नुसतं पिप टाइप करता तेव्हा जी चालते ती चार-सहा ओळींची एक स्क्रिप्ट असते, विंडोजवर छोटी एक्झी फाइल, आणि तिचं काम एवढंच की ठरलेला पायथन उठवायचा आणि त्याला पिप पॅकेज चालवायला सांगायचं. आता तुमच्या मशीनवर किती पायथन आहेत ते मोजा. सिस्टिमचा एक, वेबसाइटवरून डाउनलोड केलेला एक, अॅनाकोंडा टाकलं असेल तर त्याचा, शिवाय प्रत्येक प्रोजेक्टच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला (थोडक्यात व्हेन्व, त्या प्रोजेक्टपुरती पायथनची स्वतंत्र जागा) वेगळा. प्रत्येकाचं पिप वेगळं. तुम्ही अपग्रेड केलं एकाचं आणि पुढच्या वेळी हाक मारली दुसऱ्याला, एवढंच बहुतेक वेळा झालेलं असतं.

म्हणून काहीही दुरुस्त करायच्या आधी हे चालवा:

पायथन३ -एम पिप --व्हर्जन
पिप --व्हर्जन

दोन्हीचं उत्तर शेवटपर्यंत वाचा, नुसता आकडा बघून सोडू नका. उबुंटू २४.०४ वर साधारण असं येतं: पिप २४.०, फ्रॉम /यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस/पिप, आणि कंसात पायथन ३.१२. यातला मधला पत्ता सगळ्यात महत्त्वाचा. डिस्ट-पॅकेजेस दिसलं आणि सुरुवात यूएसआर लिबने झाली की समजायचं हे पिप एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज टाकणाऱ्या कमांडने, टाकलंय, ते उबुंटूच्या मालकीचं आहे. पत्त्यात होम फोल्डरमधलं डॉट-लोकल दिसलं तर ते तुमच्या युजरपुरतं टाकलेलं. प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव दिसलं तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधलं. दोन कमांडचे पत्ते वेगळे आले तर अर्धं निदान तिथेच झालं.

लिनक्सवर टाइप -ए पिप ही कमांड पाथमध्ये, म्हणजे टर्मिनल ज्या फोल्डरांत प्रोग्राम शोधतं त्या यादीत, जितके पिप आहेत तितके सगळे क्रमाने दाखवते. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये व्हेअर पिप. पण पॉवरशेलमध्ये व्हेअर म्हणजे वेगळंच काहीतरी आहे, तिथे ती कमांड काहीच न दाखवता गप्प बसते आणि लोकांना वाटतं पिप नाहीच्चे मशीनवर, तर पॉवरशेलमध्ये व्हेअर.एक्झी असं पूर्ण लिहायचं. पीवाय -०पी चालवलं की विंडोजवर रजिस्टर झालेले सगळे पायथन त्यांच्या पत्त्यांसकट दिसतात.

आता एकेक एरर घेऊ.

पहिला, अजूनही जुन्या सर्व्हरवर भेटणारा: इम्पोर्टएरर, कॅनॉट इम्पोर्ट नेम मेन. याची गोष्ट एप्रिल २०१८ पासूनची आहे. पिप १० आलं तेव्हा त्यांनी आतला सगळा कोड पिप._इंटर्नल नावाच्या फोल्डरमध्ये हलवला, कारण लोक पिपचं आतलं कोडिंग सरळ इम्पोर्ट करून वापरत होते आणि ते कधीच त्यासाठी नव्हतं. पण डेबियन आणि उबुंटूने जी /यूएसआर/बिन/पिप स्क्रिप्ट दिली होती तिच्यात जुन्याच जागेवरून मेन इम्पोर्ट केलेलं होतं. तुम्ही नोटिस वाचून अपग्रेड केलं, नवीन पिप डॉट-लोकलमध्ये जाऊन बसलं, स्क्रिप्ट मात्र एपीटीचीच राहिली, तिने नवीन पिप उचललं, त्यात जुन्या जागी मेन सापडेना, संपलं. लक्षात घ्या, यात पिप खराब झालेलं नसतं. स्क्रिप्ट जुनी आणि पॅकेज नवीन, एवढीच भानगड. त्यामुळे पायथन३ -एम पिप असं चालवलं तर ते व्यवस्थित चालतं, कारण मधली स्क्रिप्टच टळते. आणि पूर्ववत करायचं असेल तर:

पायथन३ -एम पिप अनइन्स्टॉल पिप

हे सुडो (कमांड अॅडमिनच्या अधिकाराने चालवायचा शब्द) न लावता चालवा, म्हणजे फक्त डॉट-लोकलमधलं जाईल आणि एपीटीचं परत दिसायला लागेल. सुडो लावून अपग्रेड केलं असेल तर नवीन पिप /यूएसआर/लोकलखाली गेलेलं असतं, तेव्हा सुडो लावून अनइन्स्टॉल आणि वर सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल पायथन३-पिप.

यातच एक छोटी गोष्ट अशी की कधीकधी सगळं बरोबर असूनही त्याच टर्मिनलमध्ये एरर चालूच राहतो. बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा शेल, एकदा शोधलेला पत्ता लक्षात ठेवतो, नवीन पिप दुसऱ्या फोल्डरमध्ये आलंय हे त्याला त्या सेशनमध्ये कळत नाही. हॅश -आर चालवा किंवा टर्मिनल बंद करून उघडा. एवढ्यासाठी लोकांनी पायथन काढून परत टाकलाय, आणि उबुंटूवर सिस्टिमचा पायथन काढणं म्हणजे डेस्कटॉपचे निम्मे प्रोग्राम सोबत जाणं, ते कृपा करून कधीच करू नका.

दुसरा: सिंटॅक्सएरर, इनव्हॅलिड सिंटॅक्स, आणि वर ओळ दाखवतो ती एसवायएस.एसटीडीइआरआर.राइट ने सुरू होणारी, आत अवतरणचिन्हाआधी एक एफ. हा एफ बघितला की कारण लगेच कळतं. ती एफ-स्ट्रिंग आहे, म्हणजे मजकुरातच व्हेरिएबलची किंमत भरायची सोय, पायथन ३.६ मध्ये आलेली. म्हणजे तुमच्या पायथन २.७ किंवा ३.५ वर पिप २१ किंवा त्यापुढचं येऊन बसलंय. जानेवारी २०२१ मध्ये पिप २१.० ने या दोन्हींचा सपोर्ट काढला. मग प्रश्न असा की चालणारच नाही ते व्हर्जन पिपने टाकलं तरी कसं? कारण हे पॅकेज कुठल्या पायथनवर चालतं ही माहिती वाचायची सोय पिप ९ पासून आली, नोव्हेंबर २०१६ मध्ये. त्याआधीचं पिप ही खूण बघतच नाही, सगळ्यात नवीन दिसेल ते उचलतं. उबुंटू १६.०४ वर पिप ८.१.१ यायचं. अशा मशीनवर साधं अपग्रेड केलं की ते स्वतःवरच न चालणारं व्हर्जन चढवतं आणि मग स्वतःला काढायलाही उरत नाही.

इथे अनइन्स्टॉल कमांड चालणार नाही कारण पिपच मेलंय. बूटस्ट्रॅप.पायपीए.आयओ या साइटवर गेट-पिप.पीवाय नावाची फाइल मिळते, पण थेट मुख्य पानावरची घेऊ नका, ती नवीन पायथनसाठी असते. पत्त्यात पिप आणि मग तुमच्या पायथनचा नंबर टाका, /पिप/२.७/गेट-पिप.पीवाय असं, ३.५ साठी तिथे ३.५. ती फाइल त्याच पायथनने चालवली की चालणारं शेवटचं पिप परत येतं. शेवटची व्हर्जन्स माहिती असलेली बरी: पायथन २.७ आणि ३.५ साठी पिप २०.३.४, ३.६ साठी २१.३.१, ३.७ साठी २४.०, ३.८ साठी २५.०.१. याच्या पुढे त्या पायथनवर जाताच येत नाही, नोटिस काहीही म्हणो. आणि हाताने व्हर्जन अडवायचं असेल तर अवतरणचिन्हं विसरू नका:

पायथन -एम पिप इन्स्टॉल "पिप<२१.०"

अवतरणचिन्हं नसली तर शेलला ते < म्हणजे फाइलमधून इनपुट घ्या असं वाटतं आणि तो २१.० नावाची फाइल शोधायला लागतो, ती सापडत नाही, आणि एरर पिपचा नसून शेलचा येतो. मग माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

तिसरा, आणि आजच्या घडीला सगळ्यात जास्त दिसणारा: एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून हा येतो, २४.०४ वर तर नवीन माणसाला पहिल्याच दिवशी भेटतो, मॅकवर होमब्रू या पॅकेज टाकणाऱ्या टूलचा नवा पायथन असेल तरी येतो. हा एरर म्हणजे बिघाड नाही हे आधी मान्य करा. पायथनवाल्यांनी पीइपी ६६८ म्हणून एक नियम केला, पिपने तो २३.० पासून पाळायला सुरुवात केली. नियम असा की ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतःच्या पायथनच्या फोल्डरमध्ये एक्स्टर्नली-मॅनेज्ड नावाची फाइल ठेवली असेल तर पिपने तिथे हात लावायचा नाही. उबुंटूचे स्वतःचे कितीतरी प्रोग्राम त्याच पायथनवर चालतात, तुम्ही पिपने एखादी लायब्ररी पुढे-मागे केली की ते बिघडायचे आणि तक्रार कुणाकडे करायची हेच कळायचं नाही. त्यामुळे हा अडसर मला मनापासून योग्य वाटतो.

पण शोधलं की पहिलं उत्तर मिळतं ते --ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस लावा. त्या ऑप्शनचं नावच सांगतं की सिस्टिमची पॅकेजेस मोडा, आणि लोक बिनधास्त कॉपी-पेस्ट करतात. कृपया नको. सिस्टिमच्या पिपसाठी तर त्याचा उपयोगही नसतो, कारण सुडोसकट ते लावून पिप अपग्रेड करायला गेलात की पुढचा एरर तयार असतो: कॅनॉट अनइन्स्टॉल पिप २४.०, रेकॉर्ड फाइल नॉट फाउंड, हिंट, हे पॅकेज डेबियनने टाकलंय. एपीटीने टाकलेल्या पिपसोबत रेकॉर्ड नावाची यादी येत नाही, त्यामुळे नेमक्या कुठल्या फाइली काढायच्या हे पिपला माहितीच नसतं. मग काहीजण ती डिस्ट-पॅकेजेसमधली फोल्डरं हाताने डिलीट करतात आणि त्यानंतर एपीटी कुरकुर करायला लागतं, आणि तिथून परत येणं फार त्रासाचं होतं.

सिस्टिमच्या पिपला एपीटीच अपडेट करेल, त्याचं जे व्हर्जन आहे ते राहू द्या. तुम्हाला नवीन पिप हवंय ते तुमच्या कामासाठी ना, मग ते प्रोजेक्टमध्ये घ्या:

पायथन३ -एम व्हेन्व .व्हेन्व
सोर्स .व्हेन्व/बिन/अॅक्टिव्हेट
पायथन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप

पहिल्याच ओळीला एनशुअरपिप इज नॉट अव्हेलेबल असं आलं तर सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व करा, डेबियनवाले तो भाग वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतात. वायटी-डीएलपी किंवा ब्लॅकसारखी नुसती कमांड-लाइनची टूल्स हवी असतील तर सुडो एपीटी इन्स्टॉल पिपएक्स आणि ती पिपएक्सने टाका, प्रत्येक टूलला ते स्वतःच वेगळी जागा करून देतं.

आता या पोस्टमधला मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न: दादा मी कालच पिप अपग्रेड केलं, आज नवीन प्रोजेक्ट केला तर परत तीच नोटिस, नक्की होतंय काय? होतंय असं की व्हेन्व नवीन एन्व्हायर्नमेंट बनवताना पिप इंटरनेटवरून आणत नाही. पायथनसोबत एनशुअरपिप नावाचं मॉड्यूल येतं, पायथन ३.४ पासून, त्याच्या पोटात पिपची एक प्रत बांधून दिलेली असते आणि प्रत्येक व्हेन्वमध्ये तीच टाकली जाते. तो पायथन ज्या दिवशी रिलीज झाला त्या दिवशीचं पिप. म्हणजे तुम्ही कालच्या प्रोजेक्टमध्ये कितीही नवं केलं तरी आजच्या फोल्डरला त्याचा पत्ताच नाही. शाळेच्या स्टोअरमध्ये पुस्तकांचा जुना गठ्ठा पडलेला असावा आणि दरवर्षी नव्या पोरांना त्यातलीच वाटावीत तसं ते आहे. पायथन ३.९ पासून यावर सरळ इलाज आहे:

पायथन३ -एम व्हेन्व --अपग्रेड-डेप्स .व्हेन्व

एन्व्हायर्नमेंट बनतानाच नवीन पिप येतं. मी हीच कमांड सवयीची करून टाकलीये, तुम्हीही करा.

विंडोजवाल्यांचं दुखणं जरा वेगळं असतं. तिथे पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप म्हटलं की आताचं पिप स्वतःच थांबवतं आणि सांगतं, टू मॉडिफाय पिप, प्लीज रन द फॉलोइंग कमांड, आणि खाली पायथन.एक्झी -एम पिप वाली ओळ. कारण सोपं आहे, पिप.एक्झी चालू असताना विंडोज तीच फाइल बदलू देत नाही. जुन्या पिपमध्ये ही तपासणी नव्हती, ते जुनं काढायला निघायचं, मध्येच विनएरर ५, अॅक्सेस इज डिनाइड, आणि अर्धं काढलेलं अर्धं राहिलेलं अशी अवस्था व्हायची. नंतर नो मॉड्यूल नेम्ड पिप. घाबरायचं काम नाही, मघाशी सांगितलेलं एनशुअरपिप इथे कामाला येतं:

पीवाय -एम एनशुअरपिप --अपग्रेड
पीवाय -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप

यानंतर पिप चालतं, पण बरेचदा दर कमांडला एक वॉर्निंग चिकटून राहते: इग्नोरिंग इनव्हॅलिड डिस्ट्रिब्युशन -आयपी. हे आयपी म्हणजे नेटवर्कचं आयपी नव्हे. पिप अपग्रेड करताना जुन्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलतं, पहिल्या अक्षराच्या जागी ~ टाकतं, सगळं नीट झालं की तो फोल्डर उडवतं. मध्येच अडकलं तर ~आयपी नावाचा फोल्डर तसाच मागे राहतो, आणि पिपचा पी गेला की उरतं आयपी. वॉर्निंगमध्येच साइट-पॅकेजेसचा पूर्ण पत्ता दिलेला असतो, तिथे जा, ~ ने सुरू होणारी जी फोल्डरं दिसतील ती डिलीट करा, वॉर्निंग गेली. नमपायचं असंच अर्धवट राहिलं असेल तर ~अम्पाय दिसेल, इलाज तोच. त्या वेळी व्हीएस कोड आणि ज्युपिटर बंद ठेवा, कारण फाइल धरून ठेवणारे बहुतेक वेळा तेच असतात.

फेटल एरर इन लाँचर, अनेबल टु क्रिएट प्रोसेस, हा कॉलेजच्या मुलांकडून फार येतो. लॅबच्या पीसीवर प्रोजेक्ट केला, अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला, घरच्या लॅपटॉपवर टाकला, आणि पिप चालेना. पिप.एक्झीच्या आत लॅबमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो, डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर, तमुक व्हेन्व. घरी तो पत्ताच नाही. व्हेन्व एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवायची वस्तूच नाही. लॅबमध्ये निघायच्या आधी पायथन -एम पिप फ्रीझ चं आउटपुट, म्हणजे टाकलेल्या पॅकेजेसची यादी, रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी मध्ये घ्या, पेन ड्राइव्हवर कोड आणि ती फाइल एवढंच न्या, घरी नवीन व्हेन्व करून पायथन -एम पिप इन्स्टॉल -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी. फोल्डरचं नाव बदललं तरी हाच त्रास होतो, तेव्हाही व्हेन्व उडवून नवीन करणं दोन मिनिटांचं काम आहे.

विंडोजवरच पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर सेटिंगमध्ये अॅप एक्झिक्युशन अलायसेस शोधा आणि तिथले पायथनचे दोन्ही स्विच बंद करा.

अॅट्रिब्यूटएरर, पीकेजीयूटिल ला इम्पइम्पोर्टर नाही, असं आलं तर तुमचा पायथन ३.१२ किंवा पुढचा आहे आणि पिप किंवा सेटअपटूल्स (पॅकेज बांधायचं टूल) त्यामानाने फार जुनं. ३.१२ मधून काही जुन्या गोष्टी कायमच्या काढल्या, डिस्टयूटिल्स पण त्यातच गेलं. बहुतेक वेळा रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये कुणीतरी कधीकाळी पिप किंवा सेटअपटूल्सचं व्हर्जन बांधून ठेवलेलं असतं. ती ओळ काढा आणि एनशुअरपिप --अपग्रेड.

ऑफिसच्या नेटवर्कवर अपग्रेड करताना सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड येत असेल तर कंपनीचा प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरचा सर्व्हर, मध्येच स्वतःचं सर्टिफिकेट लावत असतो, ते विंडोजला माहिती असतं पण पिप आधी स्वतःचीच यादी बघायचं. पिप २४.२ पासून, पायथन ३.१० किंवा वरचा असेल तर, ते सिस्टिमचीच सर्टिफिकेट वापरतं, म्हणजे एकदा कसंबसं २४.२ च्या पुढे गेलात की हा त्रास आपोआप सुटायची चांगली शक्यता आहे. तोपर्यंत आयटीवाल्यांकडून ती सर्टिफिकेट फाइल मागून --सर्ट ने द्या. --ट्रस्टेड-होस्ट लावून तपासणीच बंद करणं टाळा, बँकेचं किंवा हॉस्पिटलचं काम असेल तर अजिबातच नको.

एवढी कटकट असेल तर अपग्रेड करूच कशाला, असंही विचारतात. व्हेन्वमध्ये करा, नक्की करा. जुन्या पिपला नवीन प्रकारच्या व्हील फाइलींची, म्हणजे आधीच तयार करून दिलेल्या पॅकेज फाइलींची, नावं ओळखता येत नाहीत. मेनीलिनक्स२०१४ वाली व्हील पिप १९.३ च्या आधी ओळखत नाही, त्यानंतरची नवी पद्धत २०.३ च्या आधी ओळखत नाही. मग तयार व्हील समोर असूनही ते सोर्स कोड उतरवतं आणि तुमच्या मशीनवर कंपाइल करायला घेतं. ओपनसीव्ही टाकताना बिल्डिंग व्हील वर तासभर अडकलेला लॅपटॉप, फॅन जोरात, आणि शेवटी कंपायलर नाही म्हणून एरर, किंवा क्रिप्टोग्राफी टाकताना अचानक रस्ट मागणं, यामागे पुष्कळदा फक्त जुनं पिप असतं. पिप अपग्रेड करून तीच कमांड परत दिली की काही सेकंदांत होतं.

डॉकरमध्ये किंवा सर्व्हरवर व्हर्जन मुद्दाम बांधून ठेवलं असेल आणि नोटिस नको असेल तर पिप_डिसेबल_पिप_व्हर्जन_चेक हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करा. आपल्या लॅपटॉपवर मात्र ती चालू राहू द्या, नाहीतर जुनं झालंय हे कळणारच नाही.

एवढं करूनही अडलात तर खाली लिहा, पण एररची शेवटची एकच ओळ नको. पायथन३ -एम पिप --व्हर्जन, पिप --व्हर्जन आणि टाइप -ए पिप, विंडोजवर व्हेअर.एक्झी पिप आणि पीवाय -०पी, यांचं आउटपुट आणि एरर पहिल्या ओळीपासून पूर्ण, फोटो काढून नव्हे तर टेक्स्ट म्हणून टाका. पत्त्यात स्वतःचं किंवा कंपनीचं नाव असेल तर तेवढं बदला, बाकी तसंच ठेवा.